आवतन

अब्दुल सत्तारने रेडिएटरच्या झाकणावर ओलं पोतं टाकलं, तोंड बाजूला वळवलं आणि झाकण अर्धा आटा फिरवलं. वाफ फुसकारत बाहेर आली. अंगणातले सगळे दोन पावलं मागे सरकले; सत्तार तेवढा जागचा हलला नाही. वीस वर्षं अमरावतीतल्या मोटारी त्याच्यावर अशाच फुसकारत होत्या आणि शेवटी गुमान चालू होत होत्या.

ट्रक खुशालरावांचा. लढाई संपल्यावर लष्कराच्या लिलावात घेतलेला, मागे जाड आकडा आणि साखळी बसवलेला. वाटेत बंद पडलेल्या मोटारी टोचन करून आणायच्या, एवढंच त्याचं काम. आज कुरूमजवळ उतारूंची एक मोटार अडून बसली होती आणि तिला आणायला निघालेला हा पठ्ठ्या बडनेऱ्यापर्यंतही न पोचता उकळत परत आला होता.

"पाणी न पाहता गाडी हाकलते हा," खुशालरावांनी ड्रायव्हर सहदेवकडे बोट केलं. "सत्तारभाई, याच्या चुकीनं इंजन बिघडलं असन, तर आजपासून हा माह्या गाडीवर नाई."

सहदेवच्या कपाळावरचा घाम काही इंजिनाच्या धगीचा नव्हता. घरात खाणारी सहा तोंडं आणि स्टिअरिंगखेरीज हाताला दुसरा धंदा नाही.

"मालक, पोरायची आन. सकायी काठोकाठ भरलेलं व्हतं."

सत्तार गाडीकडे वळला. आधी गाडीचं ऐकायचं, मग माणसांचं, हा त्याचा शिरस्ता. तो खाली सरपटत गेला आणि रेडिएटरचा तळातला नळ सोडला. पाणी येईना. आली ती पिवळसर, चिकट धार, तीही अडखळत. त्याने ती बोटांवर चोळली. हरभऱ्याच्या डाळीचं एक टरफल अंगठ्याला चिकटलं. त्याने वास घेतला. गूळ आणि जायफळ!

गाडीखालूनच त्याची नजर ओट्याकडे गेली. खुशालरावांची आई, मनकर्णाबाई, तिथे बसली होती. माणसांच्या भांडणाकडे तिचं लक्षच नव्हतं. ती ट्रकच्या तोंडाकडे बघत होती. तिच्या मागे गव्हाण रिकामी होती. दोन वर्षांपूर्वी बैलजोडी विकून त्या पैशांत हा ट्रक आला होता. आणि परवाच पोळा झाला होता.

सत्तार अंग झाडत उठला आणि ओट्याशी गेला.

"काकू, धुण्याचा सोडा पायजे. अन् घंगाळभर कडक पानी."

म्हातारी स्वतः सगळं घेऊन आली. घंगाळ ठेवता ठेवता तिने हळूच विचारलं,

"त्याले बाधलं काय रे?"

"काय चारलं व्हतं?"

"पोयाच्या आदल्या दिशी बैलाच्या खांद्याले लावतो तशी आकड्याले लोणी-हयद लावली. आवतन देलं, आज आवतन घे, उद्या जेवाले ये. मंग काय उपाशी ठेवू? पोळी तोंडात जाईना, म्हणून पुरण पातळ करून पाजलं. सहदेव रोज तिथूनच तर पाजते त्याले."

सत्तारला हसू आलं. ते त्याने खोकल्यावर निभावलं. म्हातारीच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्याला तिची फार माया आली. हिची शोभा होऊ द्यायची नाही, असं त्याने तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

मग त्याचे हात चालू लागले. रेडिएटर काढून उलटा धरला, खालच्या तोंडातून सोड्याचं गरम पाणी सोडलं, चार वेळा खळबळलं. पुरण निघालं, टरफलं निघाली, शेवटी नितळ पाणी आलं. इंजिनाच्याही पोटातला माल धुऊन काढला. तासाभरात सगळं जागच्या जागी बसलं.

"काय झालं व्हतं?" खुशालरावांनी विचारलं.

"तुमच्या हिरीचं पानी जड हाय. गाळ धरला."

"अन् ते पानी भरलं कोन? मी सांगतलं व्हतं, नळाचंच भरजो. सहदेव, चाबी ठेव इथं."

सत्तारचा पाना नटावरच थांबला. आयुष्यात कधी कुठला आटा चुकीचा बसवला नव्हता, तो आज जिभेने बसवला होता. आता खरं सांगावं तर म्हातारी उघडी पडते, न सांगावं तर सहदेव उघड्यावर. त्याने तोंड उघडलं, पण त्याच्या आधी ओट्यावरून आवाज आला.

"हिरीचं काई नाई. मी पुरण पाजलं त्याले."



"माय," खुशालराव म्हणाले, "थो बैल नोहे."

"मले काय दिसत नाई? पण बारा मयने वढते तर थोच ना?"

खुशालरावांनी एकदा गव्हाणीकडे पाहिलं. बराच वेळ धोतराच्या सोग्याने मान पुसली. सहदेवने पुढे केलेली किल्ली त्यांनी घेतली नाही.

"चालू कर," ते म्हणाले. "कुरूमले लोक वाट पाहून राहिले."

दिवस मावळायच्या आत अडलेली मोटार साखळीमागून निमूट अमरावतीत आली. ट्रक वाटेत एकदाही तापला नाही. तापणार नव्हताच, सत्तारने हात लावला होता.

पुढच्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी तोच ट्रक सत्तारच्या दुकानापुढे उभा राहिला. सहदेवशेजारून मनकर्णाबाई हातात वाटी घेऊन उतरली.

"आता काय पाजलं, काकू?"

"त्याले पानीच. खानारं तोंड कोनतं, हे समजलं मले आता."

सत्तारने पाहिलं, सहदेवच्या सदऱ्यावर उजव्या खांद्याला हळदीचा ताजा डाग होता. म्हातारीने लोणी-हळदीत बोटं बुडवली.

"खांदा कर इकडं."

"काकू, हे तर बैलाले करतात."

"मंग? त्या दिशी माहा भार वढाले तूच मान पुढं केली ना?"

वाफेपुढे न हललेला सत्तार आधी चिंधी शोधू लागला. हात पुसले, परत पुसले आणि मग तिच्यापुढे वाकला.

"आज आवतन घे," ती खांदा चोळत म्हणाली, "उद्या जेवाले ये."

बैल कधी या बोलावण्याला उत्तर देत नाहीत. सत्तारने नुसता दुसरा खांदा पुढे केला.