लाटवाल्यांचं ‘नक्की’

“समुद्र झोपलाय रे. ताटासारखा सपाट आहे. कुठाय तुझी लाट?”

“आई, पाण्यात बघू नकोस. ती हवेत आहे.”

“हवेत लाट! एवढं शिकवलं तुला, त्याचं हे असं झालं.”

लाटवाल्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. ऑफिसात सगळे त्यांना लाटवालेच म्हणत; खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं. हवामान कचेरीत त्यांचं काम एकच. उष्ण समुद्रावरून पश्चिमेकडे सरकणाऱ्या लाटांवर नजर ठेवायची. लाट पाण्याची नव्हे. वाऱ्याच्या वाहत्या पट्ट्याला पडलेली लांबच लांब चुणी, पाठीवर ढगांचं गाठोडं घेऊन चाललेली. बहुतेक चुण्या वाटेतच विरतात. एखादी गोल फिरायला लागते आणि तिचं चक्रीवादळ होतं. कुठली होईल, ते लाटवाले टक्क्यांत सांगत. ‘नक्की’ हा शब्द त्यांनी उभ्या नोकरीत वापरला नव्हता. लग्नाआधी मुलगी पसंत आहे का म्हणून विचारलं, तेव्हाही म्हणे ते “शक्यता चांगली आहे” असंच म्हणाले होते. बायको ते अजून विसरलेली नाही.

“किती टक्के म्हणालास?” आईनं विचारलं.

“साठ.”

“म्हणजे चाळीस टक्के नाही येणार?”

“तसं... हो.”

“मग मी त्या चाळीसात. ठेव फोन.”

आईचं घर खाडीपलीकडे, अगदी वाळूला लागून. अलीकडे यायला एकच पूल. गेल्या मोसमात लाटवाल्यांनी तिला तीनदा उचलून आणलं आणि तिन्ही लाटा फुसक्या निघाल्या. शेवटच्या खेपेला ती परत गेली, तर खुराड्यातल्या कोंबड्या कुणीतरी लांबवलेल्या. वादळ आलं नाही, चोर मात्र आला. त्यात बायकोचं एक ठरलेलं वाक्य होतं, “वादळाचं तुमचं चुको नाहीतर न चुको, लाट आली की सासू येते, हे भाकीत कधी चुकत नाही.” घराच्या भिंती पातळ होत्या. सासूनं ते ऐकलं होतं.

आज सकाळी मात्र बायको स्वतःहून म्हणाली होती, “येताना आईंना घेऊनच या. मी काही बोलणार नाही.” मग जरा थांबून, “फारसं.”

तेव्हा लाटवाल्यांनी मनाशी बेत केला होता. पाळी संपली की गाडी काढायची, पूल ओलांडायचा, काय भांडायचं ते आईशी गाडीत बसून भांडायचं.

पाळी संपायच्या आत, लाटेवर टेहळणीला धाडलेल्या विमानाची नोंद आली. शेजारच्या टेबलावर नकाशे काढणाऱ्या बाईंनी ती वाचली आणि चष्मा काढला.

“लाटवाले, वारा गोल फिरलाय हो. दाब धडाधड उतरतोय. ही आता लाट राहिली नाही.”

साहेब येऊन उभे राहिले. “किती लिहिताय? तुमच्या आकड्यावर पुढचं सगळं अडलंय.”

पुढचं सगळं म्हणजे भोंगे वाजणार, होड्या माघारी बोलावणार, आणि पूल. आकडा नव्वदवर गेला की पलीकडून येणाऱ्यांना पोलीस सोडत. अलीकडून पलीकडे मात्र कुणालाही नाही. अगदी लाटवाल्यांनासुद्धा.

“साहेब, थोडं थांबलं तर?”

“होड्या बाहेर आहेत,” साहेब म्हणाले.

ते लाटवाल्यांनाही ठाऊक होतं. “एक फोन करतो फक्त.”

“आई, नीट ऐक. वादळ नक्की येतंय. नक्की. शेजाऱ्यांच्या गाडीत बस आणि आत्ताच्या आत्ता पूल ओलांड.”

पलीकडे ती हसली.

“काय म्हणालास?”

“नक्की.”

“खोटं बोलतोयस. तू नक्की म्हणणारा माणूस आहेस का? परवा विचारलं, जेवलास का, तर म्हणालास, बहुतेक.”

“आई, पाया पडतो तुझ्या.”

“सूनबाईंनी पढवलं वाटतं? सांग तिला, बोलावलं तेवढंच पुष्कळ. आत्ता कुठे कपडे वाळत घातलेत. उद्या फोन कर.”

पुन्हा लावला, तिनं उचलला नाही. रागावली की ती फोन उशीखाली घालायची. लाटवाल्यांनी शेजाऱ्यांना लावला. ते तर केव्हाच पूल ओलांडून अलीकडे आले होते.

“काकूंना दोनदा हाक मारली हो,” शेजारी म्हणाला. “ऐकतील तर शपथ! म्हणाल्या, माझा मुलगाच त्या खात्यात आहे, चाळीस टक्के काही होत नाही म्हणाला.”

साहेब अजून मागे उभे होते. लाटवाल्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि नव्वद लिहिलं. नकाशावरची खूण लाल झाली. खाली रस्त्यावर भोंगा सुरू झाला.

साहेबांनी पाठ थोपटली. “वेळेत पकडलंत. सगळ्या होड्या परत येतील बघा.” ते खरंही होतं. येणारच होत्या.

पुलावरच्या पोलीस चौकीत फोन लावून लाटवाल्यांनी सांगून पाहिलं की म्हातारी एकटी आहे, शेवटचं घर. “लिहून घेतो,” पोलीस म्हणाला. “अशा बऱ्याच आहेत साहेब. निघा म्हटलं तर आम्हालाच शिव्या देतात.”

ढग खिडकीशी आले तेव्हा बायकोचा फोन आला. मागे शेगडीवर काहीतरी रटरटत होतं.

“निघालात का? खिडकीजवळची खाट आईंना रिकामी केलीय. उशी जरा उंच लागते ना त्यांना? तीही काढली. आणि हो, किती जणांचं करू?”

“दोघांचं,” लाटवाले म्हणाले.

पलीकडे शेगडी बंद केल्याचा आवाज आला. मग भांड्यावर झाकण ठेवल्याचा. फोन मात्र दोघांपैकी कुणीच ठेवला नाही.