मुळ्याच्या पिंपातलं माझं डोकं

मी ओकी बेटाच्या बंदरवाटेवरचा दगडी जिझो बोलतोय. मानेशी भेग दिसते ना, तोच मी. मेलेल्या लेकरांना सांभाळणारा देव म्हणून आया माझ्या गळ्यात लाल लाळेरी बांधत. तोमे नावाच्या आईनं तिच्या तीन वर्षांच्या मेलेल्या लेकीचं, फुसाचं, बांधलं होतं.

दीडशे वर्षांपूर्वी ओकी वेगळा प्रांत होता, पण हुकूम समुद्रापलीकडच्या सरदाराचा चाले. एका वसंतात बेटकऱ्यांनी त्याच्या अंमलदाराला होडीत बसवून परत धाडलं. वाटेत उपाशी नको म्हणून तांदूळ आणि साके, म्हणजे तांदळाची दारूही दिली, इतकी साधी माणसं. ऐंशी दिवस त्यांनी आपला कारभार आपणच पाहिला. मग सैन्य आलं, माणसं मेली.

पुढे सरदाराचा अंमल सुटला, राग मात्र सुटला नाही. देवळांतले भिक्षू त्याच्या बाजूचे, अशी बोलवा उठली आणि मूर्तींवर घण पडू लागले. जो फोडणार नाही तो घरभेदी. तोमेचा नवरा कुमाझो, मासेमारी करणारा. त्याच्या हाती घण देऊन सगळे बघत राहिले.

"लेकीचं लाळेरं बघून हात लुळा पडला का रे?" कुणीतरी म्हणालं.

एका घावात माझं डोकं खाली आलं. ते समुद्रात टाकलं, असं त्यानं तोमेला सांगितलं. खरं तर फडक्यात बांधून त्यानं ते मुळ्याच्या लोणच्याच्या पिंपात दाब म्हणून ठेवलं. असा दगड घरोघरी असतो, कोण कशाला विचारतंय!

एकवीस वर्षं माझं धड वाटेवर आणि डोकं पिंपात. मधेच ओकी हा प्रांतच मोडला, बेट त्याच पलीकडच्या मुलखाला जोडलं गेलं.

"मग एवढं सगळं केलं कशासाठी?" कुमाझो जेवताना म्हणाला.

तोमे हातातल्या जेवणाच्या काड्या थांबवून त्याच्याकडे बघत राहिली. तो पुढे बोललाच नाही. बोलायला हवं होतं.

तो वारल्यावर तोमेनं मला बाहेर काढून धुतलं, पाठीवर बांधून वाटेवर आणलं आणि माझ्याच मानेवर ठेवलं.

"पहिल्याच वर्षी फडकं बदलताना तुझं नाक हाताला लागलं होतं," ती म्हणाली. "म्हटलं, त्यांनीच सांगावं. मीच विचारलं असतं तर बरं झालं असतं रे." मग भेगेवर नवं लाळेरं बांधून ती घरी गेली.

आता तोमेही नाही. वादळात माझं डोकं पडतं, येणारंजाणारं कुणीतरी ते पुन्हा ठेवतं. परवा दोघं सिमेंट घेऊन आले होते. बाबांनो, एवढं करू नका. डोकं उचलायला माणूस थांबतो, वाकतो, आणि कधी कधी मनातले चार शब्द बोलून जातो. कुमाझोला तेवढंच जमलं नाही.