दहापर्यंत

बाईंनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले होते. खुर्ची चार वर्षांच्या मुलांच्या मापाची होती, त्यामुळे गुडघे हनुवटीला टेकायचेच बाकी होते. समोर मुंगी ठोकळे रचत होती. सगळ्यांत खाली छोटा, त्यावर मोठा, त्यावर त्याहून मोठा. हा मनोरा पडणार हे आंधळ्यालाही दिसलं असतं. बाईंचे हात शिवशिवत होते.

मुंगी हे नाव शाळेतल्या मावशींनी ठेवलेलं. ही मुलगी कुठलीही वस्तू एका वेळी एकच उचलायची आणि वर्गाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेऊन ठेवायची. चौथा ठोकळाही तिने असाच दाराजवळून आणला, दोन्ही हातांनी वर चढवला आणि सगळं धाडकन खाली आलं.

"पडला," मुंगी म्हणाली. तिला त्याचं काही वाईट वाटलेलं दिसलं नाही.

"पडणारच. मोठा खाली ठेवायचा असतो." बाईंचा एक हात सुटलाच. त्यांनी जमिनीवरचा ठोकळा उचलला. "हा कोणता रंग?"

"लाल."

"शाब्बास. आणि हा?"

मुंगीने बाईंकडे जरा काळजीने पाहिलं.

"तुम्हाला माहीत नाही?"

"मला माहीत आहे."

"मग विचारता कशाला?"

उत्तराची वाट न बघता तिने लाल ठोकळा उचलला आणि ती वाळूच्या खोक्याकडे निघून गेली. बाईंनी हात पुन्हा मांडीखाली घातला. जित्याची खोड, दुसरं काय!

तेहतीस वर्षं बाईंनी या बालवाडीत शिकवलं होतं. फळ्याजवळ उभं राहायचं, पट्टीने अक्षर दाखवायचं, "हे काय?" म्हणायचं, की चोवीस मुलं बेंबीच्या देठापासून ओरडायची. त्या ओरडण्याने भिंतीपलीकडच्या दुकानदाराच्या मुलाचीसुद्धा बाराखडी पाठ झाली होती असं मावशी सांगायच्या. यंदा शाळा उघडली तेव्हा फळा अर्धा झाकला गेला होता आणि पट्टी कपाटावर गेली होती. वर्गात कोपरे आले होते: ठोकळ्यांचा, वाळूचा, पाण्याच्या टबाचा, भातुकलीचा. मुलं हाताने करतील, खेळतील, त्यातून शिकतील. बाईंनी बसायचं आणि बघायचं.

त्यासाठी तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं. तिथल्या शिकवणाऱ्या बाईंनी तीन नियम सांगितले. मुलाचं काम आपल्या हातात घ्यायचं नाही. ज्याचं उत्तर आपल्याला माहीत आहे तो प्रश्न विचारायचा नाही. आणि विचारल्यावर मनातल्या मनात दहापर्यंत मोजायचं, मध्ये बोलायचं नाही.

"उत्तर माहीत नसलेलं विचारायचं तर मग शिक्षिका कशाला? पाहुणीच म्हणा," बाई म्हणाल्या होत्या, आणि सगळा हॉल हसला होता. त्या बाईही हसल्या. मग त्यांनी विचारलं, "तुमच्या वर्गातल्या मुलाने तुम्हाला माहीत नसलेलं काहीतरी तुम्हाला शेवटचं कधी सांगितलं?" आणि त्या गप्प उभ्या राहिल्या. मोजत असणार. बाईंनी तेहतीस वर्षं चाळून पाहिली. जेवणाची सुट्टी झाली म्हणून त्या सुटल्या.

आता त्यांच्याकडे एक वही होती. चार रकाने. मुलाचं वय. मूल काय करत होतं. काय म्हणालं, त्याच्याच शब्दांत. बाईंनी काय केलं. शेजारच्या वर्गातल्या तरुण शिक्षिकेची, जिला मुलं ताई म्हणत, दुसरी वही सुरू झाली होती. मुलं तिच्या अंगाखांद्यावर लोंबकळत तिला काय काय सांगत असायची. बाईंच्या वहीत नुसत्या तारखा होत्या. दोन ओळी मनाने रचून लिहिणं काही अवघड नव्हतं, पण गैरहजर मुलाला हजर लावणं त्यांना कधी जमलं नव्हतं, तसंच हेही जमत नव्हतं.

त्या दुपारी मोठ्या मॅडम येऊन गेल्या. चार शाळांची देखरेख त्यांच्याकडे होती.

"शुक्रवारी वह्या बघते आणि वर्गावर कोण राहणार ते ठरवते," त्या म्हणाल्या. आवाज मऊ होता. "बाई, तुमची दोनच वर्षं राहिलीत. हे नवं खूळ झेपत नसेल तर ऑफिसातलं नोंदणीचं टेबल रिकामंच आहे. पंखाही चांगला आहे तिथे."

बाई हसल्या. शाळा सुटल्यावर मात्र त्या बराच वेळ त्या बुटक्या खुर्चीत बसून राहिल्या. पंख्याखाली बसायचं, आणि मुलं फक्त खिडकीतून जाताना दिसणार. अर्थात आत्ताही चोवीस मुलांच्या वर्गात त्या एकट्याच पडलेल्या होत्या, हेही त्यांना कळत होतं. पण निदान गलका तरी कानावर पडत होता.

घरी दोन खोल्या होत्या आणि कुलूप उघडल्याचा आवाज दोन्ही खोल्यांत ऐकू जायचा. यजमान जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगी दूरच्या शहरात, रात्रभराच्या अंतरावर. संध्याकाळी सात वाजता तिचा फोन यायचा, न चुकता.

"जेवलीस?" बाईंनी विचारलं.

"जेवेन आता."

"ऑफिस?"

"ठीक."

"जावई बरे?"

"बरे."

"खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घालतेस ना?"

"हो गं."

"बरं. ठेव मग, दमली असशील."

फोनच्या पडद्यावर आलं, एक मिनिट दहा सेकंद. बाई त्या आकड्यांकडे बघत राहिल्या. एकही उत्तर चुकलं नव्हतं. लेकीला पैकीच्या पैकी गुण. आणि तिने आपल्याला काय सांगितलं असं कोणी विचारलं असतं तर काहीच सांगितलं नव्हतं. त्यांना एकदम मुंगीचा चेहरा आठवला. मग विचारता कशाला?

गुरुवारी मुंगी वाळूत बसली होती. तिने अंगणातून पाच गोटे आणले होते, अर्थातच पाच फेऱ्या मारून. ते एका ओळीत ठेवून ती त्यांच्यावर मूठमूठ वाळू घालत होती. बाई खुर्ची सोडून खाली बसल्या. बसताना गुडघ्यांनी तक्रार केली. 'किती गोटे आहेत?' हा प्रश्न जिभेच्या टोकावर आला होता. तो त्यांनी गिळला.

"हे इथे काय करतायत?" त्यांनी विचारलं, आणि त्यांच्या लक्षात आलं की त्यांना खरंच माहीत नाही.

एक. दोन. मुंगीने वर पाहिलं नाही. तीन. चार. पाण्याच्या टबाकडे कोणीतरी किंचाळलं. पाच. सहा. तेहतीस वर्षांत बाई इतका वेळ कधी गप्प बसल्या नव्हत्या. सात. हिला ऐकूच गेलं नसेल. आठ. पुन्हा विचारावं का? नऊ.

"झोपलेत," मुंगी म्हणाली.

बाईंनी श्वाससुद्धा जपून घेतला.

"त्यांची आई कामाला गेलीये. त्यांना झोप येत नाहीये, पण ते झोपलेत असं दाखवतायत. नाहीतर आईला वाईट वाटेल ना." तिने शेवटच्या गोट्यावर वाळू घातली आणि थोपटली. "आई आली की उठतील."

दगडांना आई नसते, हे सांगायची बाईंना जरासुद्धा इच्छा झाली नाही. "मी थोपटू का एकाला?" त्यांनी विचारलं. मुंगीने विचार केला आणि सरकून जागा दिली.

बाईंनी वहीत लिहिलं. वय चार वर्षं दोन महिने. वाळूत गोटे झाकत होती. ती जे म्हणाली ते सगळं, तिच्याच शब्दांत. चौथ्या रकान्यात काय लिहावं ते सुचेना.

"थांबले, असं लिहा," ताई त्यांच्या खांद्यावरून वाकून म्हणाली. "माझ्या वहीत बहुतेक ठिकाणी तेच आहे. बाई, काय सुंदर आहे हो हे!"

मावशींनीसुद्धा झाडू टेकवून ऐकलं. "त्या पोरीची आई दोन घरची कामं करते," त्या म्हणाल्या. "सकाळी ही उठायच्या आत जाते बिचारी." बाईंनी 'आईला वाईट वाटेल ना' हे वाक्य पुन्हा वाचलं आणि वही मिटली.

संध्याकाळी सात वाजता त्या वही पुढ्यात घेऊनच बसल्या होत्या. लेकीला ही गोष्ट सांगायची, ती हसेल, असं त्यांनी ठरवलं होतं. फोन वाजला.

"जेव..." म्हणता म्हणता बाई थांबल्या.

"काय?"

"काही नाही. आत्ता तू जिथे आहेस ना, तिथून तुला काय काय दिसतंय?"

लेक हसली. "हे काय मध्येच?"

"मला माहीत नाही, म्हणून विचारतेय."

एक. दोन. तीन. चार. कुंड्या दिसत असतील, नाही का, असं म्हणून उत्तर तिच्या तोंडात घालायचा मोह झाला. पाच. त्या घराची ती मोठी खिडकी बाईंना फार आवडायची. दोन वर्षांपूर्वी गेल्या होत्या तेव्हा दिवसभर तिथेच बसायच्या. सहा. सात. आठ.

"भिंत," लेक म्हणाली.

बाई मोजत राहिल्या.

"पलंग आहे. त्यावर माझी बॅग. दोरीवर टॉवेल." मग पलंग करकरला. "खिडकी नाहीये, आई."

बाईंच्या डोक्यात एका वेळी दहा प्रश्न उभे राहिले आणि दहाच्या दहा पट्टी हातात घेऊन. कुठे आहेस? जावई कुठे आहेत? कधीपासून? भांडण झालं? तुझी काही चूक? त्यांनी मोकळा हात मांडीखाली घातला. दहा झाले. त्या पुढे मोजत गेल्या. अकरा. बारा. पलीकडे लेकीने नाक ओढल्याचा आवाज आला. चौदा.

"ते घर सोडून चार महिने झाले," लेक म्हणाली. "सांगणार होते गं. रोज ठरवायचे. पण तू विचारायचीस, जावई बरे? मग बरे म्हणून टाकणं सोपं पडायचं. तुला वाईट नको वाटायला."

बाईंनी डोळे मिटले. हे लागलं. चार महिने, म्हणजे एकशेवीस फोन तरी झाले असतील, आणि प्रत्येक वेळी त्यांनी स्वतःच पोरीला खोटं उत्तर पुरवलं होतं. वर पैकीच्या पैकी गुणही दिले होते.

मग लेक बोलत राहिली. काही सलग, काही तुटक, मध्ये रडली, मध्ये एकदा चक्क हसली. बाईंनी फक्त हुंकार दिले. शेवटी त्यांनी एकच प्रश्न विचारला. त्याचं उत्तर काय येईल हे त्यांना खरोखर माहीत नव्हतं, आणि भीती वाटत होती.

"मी येऊ?"

एक. दोन. तीन. चार. पाच.

"ये," लेक म्हणाली.

फोन ठेवला तेव्हा पडद्यावर बावन्न मिनिटं आली होती. बाईंनी कपाटावरची बॅग काढली, धूळ झटकली, चार साड्या भरल्या. सकाळची पहिली गाडी सहाला होती. मग टेबलावरची वही दिसली आणि उद्या शुक्रवार आहे हे आठवलं. त्या क्षणभर उभ्या राहिल्या. नोंदणीचं टेबल, तो चांगला पंखा, सगळं डोळ्यांपुढून गेलं. त्यांनी ताईला फोन लावला.

"उद्या मी येत नाहीये. स्टँडवर जाताना वही मावशींच्या घरी देऊन जाईन."

"अहो बाई, उद्याच तर मॅडम ठरवणार आहेत! तुम्ही समोर असायला हवं. एकच नोंद आहे तुमची, मी बोलले असते, पण तुम्ही स्वतः..."

"माहीत आहे. एकच आहे, पण खरी आहे. ठरवू देत त्यांना काय ते. मी मुलीकडे चाललेय."

आता ताई विचारणार, सगळं ठीक आहे ना? बाईंनी उत्तर तयार ठेवलं होतं. हो, ठीक आहे, सहजच. यजमान गेल्यापासून सहा वर्षं हेच उत्तर त्या सगळ्यांना देत आल्या होत्या.

"काय झालंय, बाई?" ताईने विचारलं.

आणि मग ती काही बोललीच नाही. फोन कट झाला की काय म्हणून बाईंनी पडद्याकडे पाहिलं. सेकंद पुढे सरकत होते. पलीकडून कोणाच्यातरी घरातली भांडी वाजली आणि थांबली. मग एकदम बाईंच्या लक्षात आलं. पोरगी मोजत होती.

सातपर्यंत त्या तशाच उभ्या राहिल्या, बॅगेच्या पट्ट्याला धरून. आठव्याला त्यांनी बॅग खाली ठेवली, खुर्ची ओढली आणि बसल्या.