यंत्रावरचा आळ

इसवी सन एकोणीसशे अठ्ठ्याण्णवच्या माघात, बेंगळूरच्या जयनगरातील एका कचेरीत, भागीरथीबाईंनी नव्या लॅपटॉपवर पुन्हा एकदा आरोप ठेवला.

"सुधींद्र, तुझं हे यंत्र अर्धं मुकं आहे. डावीकडे आवाजच नाही!"

परदेशी डॉक्टरांनी बोलून ठेवलेले रुग्णांचे अहवाल हेडफोनने ऐकून टाइप करायचे, हे त्या कचेरीचे काम. सुधींद्र तिथला व्यवस्थापक. पण नात्यातला, म्हणून अरेतुरे. त्याने पडद्यावरची आवाजाची पट्टी पाहिली. डावे-उजवे समान होते. हेडफोनची पिन उपसली, तसे लॅपटॉपचे दोन्ही स्पीकर खणखणीत बोलू लागले. पिन पुसून त्याने ती पुन्हा घट्ट खोचली.

"सगळं सरी आहे की, अक्का. बरोबर चाललंय."

"मग तार तुटली असणार. दुसरा दे."

दुसरा आला, तोही डावीकडे मुका. टाइप केलेले तपासणारी पवित्रा पलीकडून हसली, "अक्का, तुम्हालाच बघून गप्प होतो की काय तो?"

भागीरथीबाईंनी हेडफोन उलटा करून चढवला. डावी बाजू उजव्या कानावर आली आणि डॉक्टर स्वच्छ बोलू लागला. डाव्या कानाशी मात्र अजूनही कोणीच नव्हते.

फोन आपण हल्ली उजव्याच कानाला का धरतो, हे त्यांना त्या क्षणी उमगले. गप्प बसून यंत्र बदलून मागता आले असते. पण निर्जीव वस्तूवर खोटा आळ घेणे त्यांच्या रक्तात नव्हते.

"यंत्र निर्दोष आहे. कान माझा गेलाय."

सुधींद्रचा चेहरा उतरला. "अक्का, मालकांना दोन्ही कान धड असलेली माणसं लागतात. स्वल्प दिवस घरी बसा. मग बघू."

"मग काय बघणार? माझ्या जागी दुसरी कुणी बसलेली? डॉक्टर एका तोंडानं बोलतो ना? मग ऐकायला दोन कान कशाला?"

"अक्का, वाद नको."

"वाद मी घालणारच. जो डॉक्टर तोंडात सुपारी धरल्यासारखा बोलतो, ज्याला सगळे टाळतात, त्याचं काम लाव. पवित्रा तपासेल. ती म्हणेल ते तुला मान्य, मलाही."

सुधींद्रने नाइलाजाने मान डोलावली. भागीरथीबाईंनी सारा आवाज उजवीकडे सरकवला आणि बोटे चालवली. सुपारीवाला पुटपुटला, खोकला, वाक्य गिळून पुढे गेला. त्यांनी त्याला मागे नेऊन पुन्हा पुन्हा बोलायला लावले.

मग पवित्राने हेडफोन घातला. सुधींद्र तिच्या खुर्चीमागे उभा राहिला. भागीरथीबाईंनी डाव्या कानातल्या सैल कुडीची फिरकी शांतपणे आवळली आणि हात मांडीवर ठेवले.

पवित्राने हेडफोन उतरवला.

"काम बरोबर आहे."