नागोजीरावांचं गणित

मथुरेला बी.एस्सी. ऑनर्सचा वर्ग हवा होता, आणि पदरात पडली बी.ए.ची अर्थशास्त्राची मुलं. १९५९ साल होतं. युनिव्हर्सिटीनं अर्थशास्त्रवाल्यांना गणिताचा एक पेपर नव्यानं लावला होता. कानडी मुलखातल्या, बसवनगुडीच्या त्या कॉलेजात गणिताच्या जुन्या प्राध्यापकांनी नाक मुरडलं, आणि ते काम विभागातल्या एकुलत्या एक बाईंच्या, मथुरेच्या, गळ्यात पडलं. बाई बेळगावच्या. एम.ए.ला पहिला वर्ग, वय तिशीच्या उंबरठ्यावर, लग्न झालेलं नाही, घरी दम्यानं बेजार झालेली आई. नकार द्यायला त्यांच्याकडे कारणच नव्हतं.

पहिल्या तासाला ती वर्गाच्या दाराशी पोचली तेव्हा बंद गळ्याचा कोट घातलेले एक गृहस्थ तिथे तिची वाट पाहत उभे होते.

"मी नागोजीराव. इथंच अर्थशास्त्र शिकवतो," ते मराठीत म्हणाले, पण त्या मराठीला कानडी हेल होता. "बाई, हल्ली जी नवी पुस्तकं येतात त्यांतलं अर्धं पान मला वाचता येत नाही. सगळी आकडेमोड आणि ग्रीक अक्षरं. मागं बसून शिकलो तर चालेल का?"

"विद्यार्थ्यांसमोर?"

"त्यांना कळू दे की. मलाही येत नाही म्हटल्यावर त्यांची भीती जाईल."

आणि खरंच गेली. मास्तरच शेवटच्या बाकावर बसून हात वर करतात म्हटल्यावर मुलंही विचारू लागली. नागोजीरावांचं घराणं तीनेकशे वर्षांपूर्वी या मुलखात येऊन देवनहळ्ळीला स्थायिक झालेलं. त्यांची मराठी घरातच वाढलेली, वेगळ्याच वळणाची. मथुरा भरभर लिहीत गेली की मागून आवाज यायचा, "बाई, स्वल्प निधानानं सांगा." पहिल्यांदा तिला वाटलं, ते कसलं तरी निदान करायला सांगताहेत. मग कळलं, जरा सावकाश म्हणताहेत. त्यानंतर ती एरवीही सावकाश शिकवू लागली.

कलनाचं, म्हणजे कॅल्क्युलसचं, नाव काढलं की मुलं बिचकत. मग तिनं नागोजीरावांच्याच बागेतली पपनसं फळ्यावर आणली. जास्त पपनसं बाजारात नेली की भाव उतरतो. मग किती नेली म्हणजे हातात सगळ्यात जास्त पडेल? वर्ग हसला आणि उत्तर शोधायला लागला. नागोजीराव मान हलवून म्हणाले, "माझ्या वडलांना हे गणित येत नव्हतं बाई, पण उत्तर येत होतं."

"मग तुम्ही गणित शिका, म्हणजे दुसऱ्याच्या बागेचंही उत्तर देता येईल," ती म्हणाली, आणि आपण वर्गात इतक्या मोकळेपणानं बोललो याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

पुढे तासानंतरही दोघं रिकाम्या वर्गात बसू लागली. दार सताड उघडं असायचं; शिपाई येऊन कॉफी ठेवून जायचा. ती त्यांना समीकरण सोडवून दाखवी, आणि ते तिला सांगत की या समीकरणामागे कुणाची तरी मजुरी आहे, कुणाचं तरी धान्य आहे. मथुरेला आतापर्यंत गणित स्वच्छ आणि एकटं आवडत आलं होतं. आता ते माणसांत आलेलं पाहून तिला बरं वाटे. रविवार मात्र लांबलचक वाटू लागला.

दुसऱ्या वर्षी नागोजीरावांनी सांगितलं की दिल्लीला अर्थशास्त्राच्या वरच्या अभ्यासासाठी शिष्यवृत्ती आहे. परीक्षा द्यावी लागेल. त्यात गणिताचा पेपर आहे.

"तुमच्या भरवशावर अर्ज केला," ते म्हणाले.

"चांगलं केलंत," ती म्हणाली. घरी येऊन तिनं आईशी उगाच भाजीवरून वाद घातला.

अभ्यास सुरू झाला. ते झपाट्यानं शिकत होते, आणि त्यांचं एकेक प्रकरण हातावेगळं होत गेलं तशी मथुरेची भूक कमी होत गेली. मग ते एका जागी अडले. एखादी अट पाळून सगळ्यात मोठी किंमत कशी काढायची, हे त्यांच्या डोक्यात शिरेना. कितीदा समजावलं तरी गाडं तिथंच. एका संध्याकाळी त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"राहू दे बाई. नाही जमत. आणि इथं काय वाईट आहे? आहे मी इथं बरा."

बाहेर शिरीषाच्या झाडांवर पाखरांचा कल्ला चालला होता. मथुरा खडू हातात धरून उभी राहिली. एक शब्द पुरेसा होता. 'सरी' म्हणायचं, त्यांच्याच भाषेत 'ठीक आहे', आणि वही मिटायची. मग उद्याही हाच वर्ग, हीच कॉफी. तिला तो शब्द जिभेवर आलेला जाणवला.

ती फळ्याकडे वळली.

"नंदीदुर्ग चढलायत ना तुम्ही?"

"लहानपणापासून."

तिनं डोंगर काढला, आणि त्याच्या अंगावरून जाणारी, माथ्यापर्यंत न पोचणारी एक पायवाट. "अट अशी, की ही वाट सोडायची नाही. माथा तुम्हाला मिळणार नाही. मग तुम्ही पोचू शकाल अशी सगळ्यात उंच जागा कुठली?"

त्यांनी फळ्यापाशी येऊन त्या वाटेवरून बोट फिरवलं. "जिथं वाट चढायची थांबली, पण अजून उतरायला लागली नाही."

"तिथं वाटेची दिशा आणि डोंगराच्या त्या उंचीच्या रेषेची दिशा एकच असते. बास. आता हेच अक्षरांत लिहा."

त्यांनी लिहिलं. बरोबर आलं. आनंदानं ते उठून उभेच राहिले, आणि मथुरेनं डस्टर घेऊन फळा पुसायला घेतला, कारण त्यांच्याकडे पाठ करायला तेवढंच निमित्त हाताशी होतं.

शिष्यवृत्ती मिळाली. निघायच्या आदल्या दिवशी ते लालबागेच्या फाटकापर्यंत तिच्यासोबत चालत आले. तिथं थांबून, बुटाकडे बघत म्हणाले, "दिल्लीत कॉलेजं पुष्कळ आहेत बाई. गणित शिकवणारी माणसं त्यांना कमी पडतात, असं ऐकलं."

तिला सगळं कळलं. आणि तोंडातून निघालं, "आईला दिल्लीची थंडी सोसायची नाही. तिला इथलीच हवा मानवते."

"होय, होय. ते आलंच," ते म्हणाले. "बरं आहे मग."

तीन वर्षं गेली. मथुरेला ऑनर्सचा वर्ग देऊ केला, तेव्हा तिनं अर्थशास्त्राची मुलं सोडली नाहीत, दोन्ही वर्ग घेतले. १९६४ च्या मेमध्ये नागोजीराव सुट्टीवर आले आणि घरी भेटायला आले, बायकोला घेऊन. होसकोट्याकडची मुलगी, नव्या नवलाईनं लाजणारी. "अक्का, हे तुमचं फार सांगतात," म्हणत ती मथुरेच्या पाया पडली. मथुरेच्या आईनं, कृष्णाबाईंनी, तिची ओटी भरली. नागोजीराव दिल्लीबद्दल, नव्या पुस्तकाबद्दल बोलले; फक्त जाताना, दारात अडखळून म्हणाले, "तुम्ही शिकवलं नसतं तर मी इथंच असतो, बाई."

"म्हणूनच शिकवलं," मथुरा म्हणाली. वाक्य अर्धंच खरं होतं.

ती दोघं गेल्यावर कृष्णाबाई पाटावर बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "ह्यानं तुला विचारलं नव्हतं काय गं?"

"विचारलं होतं. म्हणजे, तसंच काहीसं."

"मग?"

"तुला तिकडची थंडी... तुला इथली हवा मानवते ना, आई."

"मला? अगं, मला कसली इथली हवा! इतकी वर्षं जीव नुसता बेळगावाकडे लागलाय माझा. तुझी थोरली बहीण, सोयरा, बोलावून बोलावून थकली. पण तू परमुलखात एकटी राहशील, रात्री घरात दिवा लावायला कुणी नसेल, म्हणून बसले मी इथं." त्यांना धाप लागली. "मला एकदा विचारायचं तरी होतंस."

मथुरेनं खरंच विचारलं नव्हतं. आईसाठी राहायचं हे तिनं धरूनच चाललं होतं, आणि आईनंही तिच्यासाठी. दोघी एकमेकींना सांभाळत एका घरात अडकून बसल्या होत्या. त्या दिवशी स्वयंपाक कुणी केला नाही.

जूनच्या आधीच कृष्णाबाईंनी बेळगावला मोठ्या लेकीकडे जायचं ठरवलं. मथुरेनं अडवलं नाही. सिटी स्टेशनवर पूना मेलच्या बायकांच्या डब्यात त्यांना खिडकीशी जागा मिळाली. मथुरेनं पाण्याचा तांब्या, औषधाची बाटली, सगळं हाताशी लावून दिलं. बाहेर येऊन खिडकीचे गज धरून ती उभी राहिली.

"एकटी राहशील ना नीट?"

"राहीन."

"चिडलीस काय माझ्यावर?"

"नाही गं. तुझ्यावर कशाला?"

शिट्टी झाली. हमाल, फुलवाल्या, पोचवायला आलेली माणसं, सगळीकडे नुसता गलबला. गाडी हलली. मथुरा गज धरून दोन पावलं चालली, आणि इतक्या वर्षांत आरशासमोरसुद्धा जे कधी बोलली नव्हती, ते त्या कोलाहलात बोलून गेली.

"मला हवे होते ते, आई. फार हवे होते."

कृष्णाबाईंनी हात बाहेर काढून तिच्या गालाला लावला. ऐकू आलं की नाही, कोण जाणे. गाडीनं वेग घेतला तशी तिची बोटं गजांवरून सुटली, आणि ती फलाटाच्या टोकापर्यंत तशीच चालत गेली.