उलटी काजं

कपड्यांच्या त्या कारखान्यात सुपरवायझरबाईंना पाठीमागे सगळ्या ‘कात्री’ म्हणत. जीभच तशी होती. टाका जरा वाकडा गेला की बाई मशीनपाशी हजर, आणि मग त्या मुलीच्या सात पिढ्यांचा उद्धार. नव्या मुलीला मात्र पहिल्याच दिवशी एक गोष्ट शिकवायच्या: दोन शर्ट झाले की एकदा अंगावर धरून बघायचं, मगच तिसऱ्याला हात लावायचा. ही अक्कल बाईंची नव्हती, कारखान्यातल्या जुन्या कटिंग मास्तरांची होती. ते सांगायची वेळ कधी आली नाही. खरं म्हणजे बाईंनी ती येऊ दिली नाही.

मास्तर गेले, त्याच्या पुढच्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये शोकसभा झाली. पहिल्या खुर्चीत त्यांची बायको बसली होती, मांडीवर कापडी पिशवी घेऊन. बोलायला अर्थातच बाईंना उठवलं. मास्तरांनी सगळ्यांना कसं सांभाळून घेतलं ते बाईंनी सांगितलं. तिथेच थांबल्या असत्या तर निभावलं असतं. पण बोलायला लागलं की बाईंना थांबता येत नाही.

“अठ्ठावीस वर्षांत त्यांची एकच चूक झाली,” त्या म्हणाल्या, “आणि तीसुद्धा त्यांनी स्वतःहून कबूल केली. एवढं मोठं मन.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. बाई खाली बसल्या. ती चूक त्यांची स्वतःची होती.

ती झाली तेव्हा बाई काजाच्या मशीनवर होत्या आणि नोकरीचा तिसरा आठवडा चालू होता. आधीचे दहा दिवस बायकांचे शर्ट केले होते, त्यांची काजं उजव्या पट्टीवर. मग पुरुषांचे आले, त्यांची काजं डावीकडे. कटिंग मास्तरांनी सकाळी बजावलंही होतं. पण हाताला वळण पडलेलं, आणि डोकं शेजारणीच्या गप्पांत. एकशे चाळीस शर्टांना उजवीकडे काजं पडली, पुढच्या मुलीने समोरच्या पट्टीवर मुकाट बटणं लावली, आणि मालकांना दिसलं तेव्हा सगळं संपलं होतं. एकदा कापलेलं काज काही केल्या परत जुळत नाही.

नव्या मुलीला दार दाखवणार हे उघड होतं. एवढ्यात मास्तर गळ्यातली टेप काढत म्हणाले, “मीच तिला उजवीकडे सांगितलं.” मालकांनी त्यांना कटिंगच्या टेबलावरून काढून इस्त्रीला उभं केलं. बाई शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी ब्र काढला नाही.

संध्याकाळी मास्तर एवढंच म्हणाले, “हाताला सवय लागते, पोरी. मधूनमधून अंगावर धरून बघत जा.”

दोन महिन्यांत वाफेने मास्तरांचा उजवा हात भाजला. हाताची पट्टी सुटली आणि ते फुकट गेलेल्या शर्टांतलाच एक घालून कामावर येऊ लागले. चोराच्या मनात चांदणं. बाईंना वाटलं, हा आपल्याला टोचायलाच. मास्तर बोलायला समोर आले की त्या काहीतरी काम काढून सटकायच्या. सुपरवायझर झाल्यावर त्यांनी एक शब्द टाकला असता तरी मास्तर पुन्हा टेबलावर आले असते. पण त्यासाठी खरं सांगावं लागलं असतं.

सभा उठल्यावर मास्तरांची बायको बाईंकडे आली आणि तिने पिशवीतून तो शर्ट काढून त्यांच्या हातात दिला. कॉलर विरलेली, कोपरांना ठिगळं. आता आपलं भांडं फुटणार, असं बाईंना वाटलं.

“याची काजं करणारी मुलगी शोधून द्याल का?” ती म्हणाली. “त्यांनी नाव कधी सांगितलं नाही. हात भाजल्यावर अंगठ्यात जोर राहिला नव्हता. बाकीच्या शर्टांची बटणं मी लावायचे, तर त्यांना लाजल्यासारखं व्हायचं. हा उलटा तेवढा डाव्या हाताने लागायचा. म्हणायचे, पोरीने माझी केवढी सोय केली. पण सांगायला गेलो की पळते. तुम्ही सगळ्यांना ओळखता, म्हणून आले.”

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि तरीही, इतक्या वर्षांची सवय, “शोधते हं, काकू,” असं त्यांच्या तोंडून निघून गेलं.

म्हातारी समाधानाने मान हलवून निघाली. घंटा झाली. मुली जागेवर बसल्या, मशिनी सुरू झाल्या. हातातल्या शर्टाची काजं बाईंनी बोटाने चाचपली. टाके अजून घट्ट होते. म्हातारी मशिनींच्या रांगांमधून हळूहळू चालत मोठ्या दरवाजाजवळ पोहोचली.

बाईंनी जाऊन मेन स्विच खाली ओढला.

साठ मशिनी एकदम गप्प झाल्या. मुली दचकून वर बघायला लागल्या. आज कुणाची धडगत नाही, असंच त्यांना वाटलं. म्हातारीही दारात थांबून वळली. बाईंनी शर्ट झटकला आणि मास्तरांनी शिकवलं होतं तसा, सगळ्यांना दिसेल असा, स्वतःच्या अंगावर धरला.

“काकू,” त्या म्हणाल्या, “मास्तरांनी मला डावीकडेच सांगितलं होतं.”