तासगावच्या आधीचा थांबा

शाळा सुटल्यावर सोनिया सांगलीहून एस.टी.नं घरी निघायची तेव्हा तिकीट कवठे एकंदचं मागायची आणि तिथून तासगावपर्यंत द्राक्षबागांच्या कडेनं चालत यायची. बेदाण्याच्या शेडवर काम करणाऱ्या एका बाईनं तिला रस्त्यात पाहिलं आणि तिच्या आईला, हरणाबाईला, सांगितलं. हरणाबाईनं विचारून पाहिलं, पण पोरगी काहीबाही सांगून टाळायची. शेवटी शाळेतल्या बाईंच्या सांगण्यावरून आई तिला घेऊन सांगलीला स्पीच थेरपिस्ट संयोगिता यांच्याकडे आली.

"नाव काय तुझं?" संयोगितानं विचारलं.

"राही."

"आगं, खोटं कशापायी सांगतीस?" हरणाबाई चिडली. "सोनिया हाय वं हिचं नाव. परक्या मानसाला ही असंच कायबी सांगती."

चौदा वर्षांच्या मुलीनं स्वतःचं नाव का बदलावं? संयोगितानं विषय तिथंच सोडला आणि चित्रांची कार्डं काढली. सोनिया भराभर नावं सांगत गेली. सुरीला ती चाकू म्हणाली. ताटाला 'जेवायचं भांडं' म्हणाली. तेलाच्या बाटलीपाशी क्षणभर थांबून म्हणाली, "येण्णी."

"तिची आजी जतची," हरणाबाईनं खुलासा केला. "कानडी बोलती."

संयोगितानं चित्रं खाली ठेवली. "सोनिया, 'त' आणि 'स' नको वाटतात ना?"

मुलीनं दचकून वर पाहिलं. हे आजवर कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

"बोलायच्या आधीच कळतं मला," ती हळूच म्हणाली. "म्होरं आडनार हाय म्हून. मग दुसरा शब्द घेती. गावाच्या नावाला दुसरा शब्द न्हाई."

"म्हंजी ही आडखळती?" हरणाबाई चकित झाली. "ल्हान व्हती तवा आडखळायची. मी वेखंड उगाळून चाटवलं, मला वाटलं गेलं."

"गेलं नाही. तिनं लपवलं," संयोगिता म्हणाली. "आणि यात तुमची चूक नाही, तिच्या जिभेचीही नाही. काही जणांच्या मेंदूत बोलण्याची जुळणीच थोडी वेगळी असते."

पुढच्या खेपेला संयोगिता तिला कोपऱ्यावरच्या कृष्णातच्या टपरीवर घेऊन गेली आणि मुद्दाम म्हणाली, "द-द-द-दोन चहा." सोनिया टक लावून कृष्णातच्या तोंडाकडे बघत राहिली. त्यानं मान हलवली आणि दूध ओतलं.

"लाज न्हाई वाटली व्हय?"

"वाटली की. कान बघ कसे तापलेत."

सोनियानं खरंच तिच्या कानाला बोट लावून पाहिलं आणि हसली. मग कृष्णातकडे वळली. "सा... सा-साखर जास्त." घसा न आवळता, शब्द हळू सोडत अडखळायचं, हे ती त्या दिवसापासून शिकू लागली.

सगळं सरळ झालं नाही. गर्दीच्या गाडीत तिनं पुन्हा कवठे एकंद मागितलं, आणि पुढच्या वेळी येऊन तसं सांगूनही टाकलं. "ठीक आहे," संयोगिता म्हणाली, "चालताना काय वाटलं?"

"पाय दुखलं. आन् राग आला."

"कुणाचा?"

"माझाच."

त्यानंतर एका शनिवारी कंडक्टर समोर आला तेव्हा ती म्हणाली, "ता... ता..." आणि शब्द अडकला. मागच्या सीटवर कुणीतरी फिदीफिदी हसलं. कंडक्टर यंत्रावर बोट ठेवून थांबला. सोनियानं डोळे खाली घातले नाहीत, दुसरं गावही मागितलं नाही. "ता-तासगाव." तिकीट हातात आल्यावर मात्र तिला रडू फुटलं आणि ती गावापर्यंत खिडकीबाहेर बघत बसली.

हे सगळं तिनं संयोगिताला अडखळतच सांगितलं. सांगून झाल्यावर म्हणाली, "म्याडम, एक इचारू? बसमंदी दोन पोरं हातानं बोलत व्हती. त्यांचं हातबी आडत आसतील का?"

संयोगिता थबकली. इतक्या वर्षांत हा प्रश्न तिला पडला नव्हता. "मला माहीत नाही गं. शोधूया?"

दोघी मोबाइलवर डोकी वाकवून वाचू लागल्या. खुणांच्या भाषेत बोलणाऱ्यांतही काहींचे हात मध्येच अडतात, तीच खूण पुन्हा पुन्हा होते, असं अभ्यासकांनी लिहून ठेवलं होतं.

"खरंच की!" सोनिया म्हणाली. "आन् कानडीत आडखळायचं झालं, तर कसं आसंल? आजीला फोन लावू का?"

"लाव," संयोगिता म्हणाली आणि खुर्ची जवळ ओढली.